झोपलेलं वाण

भिंत एकच होती, रंग एकच होता, आणि यात वाद घालण्यासारखं काय आहे हेच तिला कळेना. नवरा खोलीच्या मधोमध उभा राहून, चष्मा कपाळावर चढवून, बोट हवेत नाचवत होता. "इथपर्यंत पिवळट. इथून पुढे पांढरा. मध्ये सरळ रेघ आहे, नकाशावर सरहद्द आखावी तशी," तो म्हणाला. जन्मभर शाळेत भूगोल शिकवल्यामुळे त्याला कुठेही सरहद्दी दिसायच्या. निवृत्त झाल्यावर तर घरात खुर्ची कुणाची, खिडकी कुणाची, यावरही तो तह करत बसायचा. शिडीवरचा रंगारी शांतपणे म्हणाला, "साहेब, ओलं आहे म्हणून तसं वाटतं. वाळलं की सगळं एकजीव होणार." नवरा तडकला. "अरे, वाळलेली बाजूच पिवळट आहे!" ती कामाला निघायच्या घाईत चहाचा कप हातात घेऊन आत आली आणि दोघांनीही तिच्याकडे पाहिलं, कारण रंगाच्या बाबतीत या घरात शेवटचा शब्द तिचा असायचा. तिनं भिंतीवरून एकदा नजर फिरवली. "काही पिवळट नाही," ती म्हणाली. "अख्खी भिंत पांढरीशुभ्र आहे. उगाच त्या बिचाऱ्याच्या मागे लागू नकोस. तुला रिकामपणी कुसपटं काढायची सवय लागलीय." नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "डोळे आहेत की बटणं?" तो म्हणाला, पण आवाजात नेहमीची मजा नव्हती.

आणि मग काय झालं, तर रंगारीच अस्वस्थ झाला. खोटं त्याचं होतं, पण बाई त्याच्या बाजूनं इतक्या खरेपणानं उभ्या राहिल्या की त्याला ते पचेना. तो शिडीवरून दोन पायऱ्या खाली आला, कानामागं खाजवलं आणि म्हणाला, "बाई, तसं बघायला गेलं तर डबा बदललाय. कालचा संपला. दुकानात तो नव्हता, मग साधा पांढरा आणला. म्हटलं, कोणाच्या लक्षात येतंय." नवरा "बघ!" म्हणून ओरडला, आणि जिंकल्यावर करायचा तो नेहमीचा टाळ्यांचा प्रकार त्यानं केला. ती भिंतीजवळ गेली. अगदी जवळ, नाक लागेल इतकी. जिथं तो सरहद्द दाखवत होता तिथं बोट फिरवलं. ओल्या आणि वाळलेल्या रंगातला फरक बोटाला कळला. डोळ्याला काही म्हणजे काही कळलं नाही. हसू यायला हवं होतं. ती हसलीही, "बरं बाबा, तू जिंकलास" म्हणाली, कप तिथंच शिडीच्या पायरीवर ठेवला आणि चपला घालून बाहेर पडली. जिन्यात तिच्या लक्षात आलं की आपण पर्स विसरलोय, पण ती परत वर गेली नाही.

रस्त्यानं चालताना तिनं एकेक पांढरी गोष्ट तपासायला घेतली. दूधवाल्याची गाडी पांढरी. शाळेच्या मुलांचे सदरे पांढरे. रुग्णालयाची भिंत पांढरी, तिच्यावर कबुतरांनी केलेलं तेही पांढरं. सगळंच पांढरं, सगळंच लख्ख, आणि गोम तीच होती. अंधार आला असता तर अंधार आला असं म्हणता आलं असतं. धूसर झालं असतं तर चष्मा पुसला असता. इथं काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. लाल तसाच लाल होता, झाडं तशीच हिरवी होती, फक्त पांढरा आणि पांढऱ्याच्या अगदी शेजारचा पिवळा यांच्यामधलं दार कुणीतरी आवाज न करता लावून घेतलं होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. कधीपासून? चष्म्याच्या दुकानातला माणूस मागं म्हणाला होता, मोतीबिंदू धरायला लागलाय, पण घाई नाही. घाई नाही म्हटल्यावर तिनं ते सोडूनच दिलं होतं. कामातून तशी उसंत मिळतच नसे. आणि आता तिला घाम फुटला, कारण दुसरी कुणी बाई असती तर भिंतीवरून चार दिवस घरात थट्टा झाली असती आणि विषय संपला असता. पण हिचा सगळा जन्म पांढरा आणि पिवळट यांच्यामधल्या त्या एका दारात बसून गेला होता. तेच तिचं काम होतं. तेवढंच काम होतं म्हटलं तरी चालेल.

नजर आईनं दिली होती असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. आई लोकांचे कपडे शिवायची, आणि कापडाला जुळणारा दोरा आणायला हिलाच पाठवायची. "बापाला पाठवलं तर आभाळी म्हणून जांभळा आणेल," आई म्हणायची, "ही माझी पोर बरोब्बर आणते." दुकानात रिळांची पेटी उघडली की ती कापडाचा तुकडा धरून उभी राहायची, आणि दुकानदार एकाच रंगाची म्हणून दाखवायचा त्या रिळांतून तिला हवं ते एक रीळ जणू आपणहून पुढं यायचं. फुशारकी म्हणून नव्हे, पण त्या वयातही तिला ठाऊक होतं की आपल्याला दिसतं ते इतरांना दिसत नाही. हा विश्वास मोठा गोड असतो, आणि तो माणसाला आयुष्यभर पुरतो. पुढं शिकायला गेली तेव्हा सगळी पोरं सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडत बसायची आणि ही कुंचल्याच्या टोकानं माश्या भराभर डावीउजवीकडे सारत जायची. सरांनी मागून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "तू इथंच राहा." ती राहिली.

माश्या म्हणजे त्या पिकल्या फळावर घोंगावतात त्या. केळं दोन दिवस विसरलं की कुठून येतात देव जाणे. त्यांना भूल देऊन पसरलं की एकेकीचा डोळा बघायचा: मुळात विटेसारखा लाल. तो लाल करणारं एक जनुक असतं, आणि माशीच्या जनुकांमध्ये काही तुकडे असे असतात की ते एका जागी बसत नाहीत. उठतात, दुसरीकडे जाऊन बसतात, जिथं बसतात तिथलं काम बंद पाडतात. प्रयोगशाळेत सगळे त्याला उडाणटप्पू म्हणत. तिच्या वाणात हा उडाणटप्पू नेमका डोळ्याच्या जनुकात येऊन बसला होता, म्हणून त्या वाणाच्या माश्यांचे डोळे पांढरे. तो उठून गेला तर रंग परत यावा. पण हा पठ्ठ्या कधीच नीट उठत नसे, अर्धं सामान मागं टाकून उठे, त्यामुळे परत यायचा तो लाल नव्हे, अगदी फिकट, नीट न पाहिल्यास पांढराच वाटावा असा पिवळा. आणि त्याला जागेवर बसवून ठेवते ती आई. बाप उडाणटप्पू देतो, लगाम देत नाही. आई मात्र अंड्यातून जनुकांच्या जोडीला बारीक रेणूंची अख्खी फौज पाठवते, जी या तुकड्याला ओळखते आणि गप्प करते. तेच आईबाप उलटसुलट केले, म्हणजे उडाणटप्पू बापाकडून आणि कोरी, त्याला न ओळखणारी आई, की पोरं वांझ निघतात, अंडाशय वाळून जातं. एवढा फरक! तिचं म्हणणं, ज्यासाठी लोक तिला ओळखत, ते असं की एकदा आईनं गप्प केलं की लेकीत, नातीत, पणतीत तो गप्पच राहतो. पिढ्यांमागून पिढ्या तिनं पाहिल्या होत्या. सगळे डोळे पांढरे. झोपलेलं वाण, असं तिनं त्याचं नाव ठेवलं होतं, आणि इतक्या फिकट रंगाची खात्री दुसऱ्या कुणाला देता येत नसल्यानं गेली कित्येक वर्षं ते डोळे फक्त ती बघत होती.

संस्थेच्या दारातून आत शिरली तेव्हा बाटल्या धुण्याच्या खोलीत हसण्याखिदळण्याचा आवाज होता. "ए, पिवळा खिसा आला," कुणीतरी म्हणालं आणि सगळे चिडीचूप झाले. हे तिनं पूर्वीही ऐकलं होतं. टपाल आणणाऱ्या माणसाच्या जाकिटाला तसला खिसा होता, आणि तो आला की पोरं गप्पा आवरून सह्या करायला धावत, असा तिचा समज होता. तिनं मागं वळून पाहिलं, टपालवाला काही दिसला नाही. खुंटीवरचा पांढरा कोट तिनं अंगात चढवला. कोट आईनं शिवलेला, जाड कापडाचा, नोकरी लागली तेव्हाचा. दुसरे कोट होते, पण माश्या निवडायला बसताना हाच लागायचा. एकदा त्याचा खिसा कपाटाच्या कडीत अडकून फाटला तेव्हा आई म्हातारी झाली होती. तिनं नवा खिसा लावून दिला आणि तो स्वच्छ साईच्या रंगाचा होता. "आई, हा पिवळा आहे गं," ती म्हणाली होती. आईनं कोट खिडकीशी नेला, उजेडात धरला, आणि ठामपणे म्हणाली, "एकच आहे. तुझेच डोळे बिघडलेत. पुस्तकं वाचून वाचून." आईपुढं कोण बोलणार? नंतर उसवून बदलू म्हणून तिनं तो तसाच घातला, मग आई गेली, मग उसवावंसं वाटलं नाही, आणि धुऊन धुऊन हळूहळू खिसा कोटात मिसळून गेला. आता तर कुठं जोड आहे तेही कळत नव्हतं. आज पहिल्यांदाच खिशात हात घालताना तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण टेबलावर नव्या शोधनिबंधाची छपाईआधीची तपासणीची पानं पडली होती आणि ती शुक्रवारपर्यंत परत पाठवायची होती.

त्या पानांवर तिच्या नावाच्या आधी शेंडेफळाचं नाव होतं. शेंडेफळ म्हणजे तिची शेवटची विद्यार्थिनी. यानंतर नवं कुणी घ्यायचं नाही असं ठरल्यावर आलेली, म्हणून सगळ्यांचं लाडकं आणि सगळ्यांच्या शिव्या खाणारं. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत शेंडेफळासाठी जागा धरून ठेवली होती ती या पेपरच्या भरवशावर. पदवीही त्याच्यावर. आणि तिला स्वच्छ आठवलं: मागच्या थंडीत एकदा शेंडेफळ कुंचला हातात धरून म्हणालं होतं, "मॅडम, हिचे डोळे जरा पिवळट वाटतात का?" तिनं वाकून पाहिलं होतं. पांढरे होते. "तुला झोपेची गरज आहे," ती म्हणाली होती, "लवकर घरी जात जा." किती प्रेमानं म्हणाली होती! तुझेच डोळे बिघडलेत म्हणण्याचा तोच सूर, तोच खिडकीतला उजेड, आणि समोरचं माणूस तसंच गप्प बसलेलं. मी आजवर काय काय पांढरं म्हटलं असेल, हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात गरगरायला लागला, आणि त्याचं उत्तर कुठल्याही बाटलीत तिला स्वतःला सापडणार नव्हतं.

तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर शुक्रवारपर्यंत दम धरला असता, पानं पाठवली असती आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलं असतं. मोहही झाला, नाही असं नाही. सगळे पांढरे म्हणून जगाला सांगितलंय, जगाला कुठं दिसतंय? रंगाऱ्यासारखंच. कोणाच्या लक्षात येतंय. पण रंगाऱ्याचं तोंड तिला आठवलं, शिडीच्या दुसऱ्या पायरीवरचं, आणि तिला हसू आलं. तो बिचारा एका भिंतीपुरतंही खोटं टिकवू शकला नाही, आणि आपण पिढ्यानपिढ्यांचं घेऊन बसणार? छे. तिनं मांडणीवरून पांढऱ्या डोळ्यांच्या वाणाच्या बाटल्या उचलल्या, वरच्या ओळीतल्या काही, खालच्या ओळीतल्या काही, प्रत्येकीतल्या माश्यांना वेगळी भूल दिली, वेगळ्या पांढऱ्या चकतीवर पसरलं आणि एकेक डोळा पाहिला. सगळे पांढरे. मग तिनं दाराकडे तोंड करून हाक मारली.

शेंडेफळ हात पुसत आलं. "बस इथं," ती म्हणाली. "या निवडून दे. डोळ्यांच्या रंगावर."

"पण तुम्ही आत्ताच पाहिल्यात ना?"

"पाहिल्या. आता तू बघ. आणि मी काय म्हणाले असेन याचा विचार करायचा नाही. तुला दिसतं ते कर."

शेंडेफळ खुर्चीवर बसलं पण कुंचला काही उचलेना. "मॅडम, खरं करू की..." ते म्हणालं आणि अडलं. हे 'की' तिच्या काळजात घुसलं. आपल्या हाताखाली वाढलेल्या पोरीला आपल्यासमोर खरं करू का असं विचारावं लागतंय, इतकी आपली नजर मोठी झाली होती तर! "खरं कर," ती म्हणाली. "खरंच करायला बोलावलंय तुला." मग कुंचला हलायला लागला. ती मागं उभी राहून पोरीच्या मानेकडे बघत होती, कानामागं खोचलेल्या पेनाकडे, बोटांच्या वेगाकडे. एक डावीकडे, एक डावीकडे, आणखी एक डावीकडे, आणि मग एक, जराही न थबकता, उजवीकडे. तिच्या स्वतःच्या हातांचा तो जुना वेग होता. सगळ्या चकत्या झाल्यावर शेंडेफळ उठून बाजूला झालं आणि ती वाकून बघायला लागली. डावीकडे मोठा ढीग, उजवीकडे मूठभर. काही चकत्यांवर उजवीकडे काहीच नव्हतं. तिनं भिंग वाढवलं, दिवा सरकवला, एक डोळा मिटला, मग दुसरा. दोन्ही ढीग पांढरे. तिच्यासमोर सरहद्द होती आणि तिला ती दिसत नव्हती. थोडा वेळ ती तशीच वाकून राहिली, कारण मान वर केली असती तर डोळ्यांतलं पाणी शेंडेफळाला दिसलं असतं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. सुतारानं हात गमवावा तसं. मग नाक पुसून ती सरळ झाली.

"मला नाही दिसत," ती म्हणाली. "मोतीबिंदू आहे. तुझं बरोबर होतं, थंडीतसुद्धा. तेव्हाच्या त्या माश्या गेल्या असतील आता."

शेंडेफळ नखं चावायला लागलं. "गेल्या नाहीत," ते म्हणालं. "म्हणजे... त्या मी पाळल्यात. मागच्या कपाटात, रिकाम्या बाटल्यांच्या पाठीमागं. बाटल्या बदलताना पिवळट दिसली की मी तिकडे ठेवायची, मूळ बाटलीवरची चिठ्ठी लावून. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही."

"चोरून?"

"चोरूनच."

"शाब्बास," ती म्हणाली, आणि इतक्या जोरात म्हणाली की बाटल्या धुण्याच्या खोलीतला आवाज थांबला. कपाटातून बाटल्या निघाल्या, कापसाचे बोळे लावलेल्या, मक्याच्या पिठाचा आणि यीस्टचा तो आंबूस गोड वास येणाऱ्या, ज्या वासाला घरचे नाक मुरडत आणि ज्याच्याशिवाय तिला सुट्टीत करमत नसे. शेंडेफळ एकेक टेबलावर मांडत गेलं. "पण यातून काही निघत नाही हो मॅडम," ते काकुळतीला येऊन म्हणालं. "मी खूप डोकं फोडलं. कधी निघतात, कधी नाही. काही ताळतंत्रच नाही. पेपर गेला ना आपला?" ती बाटल्यांवर वाकली. तिला माश्यांचे डोळे दिसत नव्हते, पण बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचं अक्षर दिसत होतं, आणि ते तिचंच होतं. "ही वरच्या ओळीतली," ती म्हणाली. "हीसुद्धा वरच्या. ही? वरच्या. एक तरी खालच्या ओळीतली आहे का बघ." शेंडेफळानं बाटल्या फिरवून फिरवून पाहिल्या. "नाही. पण त्यानं काय फरक पडतो? दोन्ही एकच वाण."

वाण एकच, पण वरची ओळ घाईची होती. दर पिढीला माश्या तरुण असतानाच पहिली अंडी घेऊन पुढं चालवलेली, कारण कामाला उशीर नको. खालची ओळ राखीव. सवड होईल तेव्हा, माश्या म्हाताऱ्या झाल्यावर त्यांची उशिराची अंडी घेऊन चालवलेली. दोन्हींचे डोळे पांढरेच म्हणून तिनं गेली कित्येक वर्षं दोन्ही ओळी एकत्र धरल्या होत्या. आत्ताच्या चकत्याही तेच सांगत होत्या: खालच्या ओळीच्या चकतीवर उजवीकडे एकही माशी नव्हती. तिच्या अंगावर काटा आला. तरुण आई लगाम देते, पण सैल देते. दर पिढीला तरुण आईच आली की तो आणखी सैल होत जातो, आणि कुठल्यातरी नातीपणतीत उडाणटप्पू डोळे चोळत उठतो. म्हातारी आई मात्र आवळून देते, तिच्या लेकीही म्हाताऱ्या होऊन अंडी घालतात, आणखी आवळून. कायमची झोप असं काही नसतंच. कुणाला तरी दर पिढीला ती पुन्हा घालावी लागते, आणि तिला वय लागतं. "अगं, वय!" ती ओरडली आणि तिनं शेंडेफळाचे दोन्ही खांदे धरून हलवले. "आईचं वय! तुला रंग दिसत होता आणि मला ओळी दिसत होत्या, आणि आपण दोघी मुकाट्यानं एकमेकींशेजारी बसलो होतो!" शेंडेफळाचा चेहरा आधी काहीच न कळल्यासारखा झाला, मग हळूहळू उजळला, आणि मग ते चक्क रडायला लागलं. रडू दे म्हणाली ती. तिलाही थोडं रडायचं होतंच.

पेपर तिनं त्याच दुपारी मागं घेतला. नियतकालिकाच्या संपादकाला फोन करून सांगितलं की चूक माझी आहे, डोळ्यांची आहे, आणि नवं काही हाती आलंय ते पुन्हा मोजून पाठवते. तो बिचारा "अहो पण छपाई..." म्हणत राहिला. जुन्या पेपरांबद्दलही जिथं जिथं कळवायला हवं तिथं तिथं तिनं कळवलं, आणि ते लिहिताना हात जड झाला हे खरं. झोपलेलं वाण म्हणून तिचं नाव घेणारे लोक आता काय म्हणतील, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही. काही लोक म्हणालेही. मग तिनं दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना फोन लावला, जे तिच्याबरोबर शिकायला होते आणि तेव्हापासून तिला वचकून होते. "पेपर उशिरा येईल," ती म्हणाली, "मुलगी वेळेवर येईल. जागा हलवायची नाही. तिनं माझ्याविरुद्ध माश्या पाळल्यात, असं माणूस तुम्हाला दिवा घेऊन शोधलं तरी मिळणार नाही." पलीकडून हसण्याचा आवाज आला. जागा राहिली.

एका डोळ्याची शस्त्रक्रिया आधी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, कोऱ्या चहाच्या रंगाचं भिंग घेऊन फिरत होतात की! आणि रंग ओळखायचं काम करत होतात?" पट्टी निघाली तेव्हा तिला पहिल्यांदा दिसला तो निळा. इतका निळा ती विसरलीच होती; नवऱ्याच्या जुन्या सदऱ्यातला, दाराच्या सावलीतला, पाण्याच्या पेल्याच्या काठावरचा. घरी आल्यावर नवऱ्यानं तिला हाताला धरून, नवरी आणावी तसं, त्या भिंतीसमोर उभं केलं. रंगाऱ्याला त्यानं मुद्दाम परत बोलावलं नव्हतं. तिनं नवा डोळा मिटला: एक भिंत, एक रंग. जुना डोळा मिटला: मधोमध सरळ रेघ, डावीकडे साय आणि उजवीकडे चुना. पुन्हा हा, पुन्हा तो. "आता दिसलं?" नवरा म्हणाला. "दिसलं," ती म्हणाली, "चांगली ढळढळीत आहे की रे सरहद्द. राहू दे." "राहू दे म्हणजे?" "म्हणजे राहू दे." तो पुटपुटत चहा करायला गेला, आणि ती खुर्ची ओढून भिंतीसमोर बसली आणि कितीतरी वेळ एकेक डोळा मिटत राहिली. भीती वाटायला हवी होती, कारण दोन्ही डोळे तिचेच होते आणि दोघेही तितक्याच खात्रीनं बोलत होते. पण वाटत होतं ते काहीसं लहानपणासारखं. रिळांची पेटी पुन्हा उघडल्यासारखं.

कामावर गेली त्या दिवशी खुंटीवरून कोट काढला आणि तिचा हात तिथंच थांबला. खिसा पिवळा होता. कोट पांढरा आणि त्याच्यावर चौकोनी, स्वच्छ साईच्या रंगाचा, लांबून दिसेल असा खिसा, ज्या दिवशी आईनं खिडकीत धरला होता त्या दिवसाइतकाच पिवळा. तो कधी मिसळलाच नव्हता. धुऊन काही झालं नव्हतं. झालं होतं ते तिच्या डोळ्यात, आईच्या डोळ्यात झालं होतं तसंच, हळूहळू, काही न कळता, पूर्ण खात्रीनं. तिनं जुन्या डोळ्यानं पाहिलं. एकजीव. आई खिडकीशी उभी राहून हेच बघत होती तर. आई खोटं बोलत नव्हती, हट्ट करत नव्हती, तिला खरोखरच एक दिसत होतं, आणि हे समजायला आपल्याला आपले डोळे आईच्या वयापर्यंत न्यावे लागले. ती कोट छातीशी धरून उभी होती तेवढ्यात धुण्याच्या खोलीतून दबकी हाक आली, "ए, पिवळा खिसा आला!" आणि आतली कुजबुज थांबली. टपालवाला नव्हता. कुणीच नव्हतं. दारात फक्त ती होती.

शेंडेफळ बाहेर आलं, तिच्या हातातला कोट पाहिला, तिचा चेहरा पाहिला, आणि जीभ चावली. "मॅडम... तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"आम्हाला वाटलं तुम्ही मुद्दाम ठेवलाय. आमच्या आधीच्या मुलांनी ठेवलेलं नाव आहे ते. त्यांनी आम्हाला दिलं." शेंडेफळाचे कान लाल झाले होते, खरे लाल. "कापड आणून बदलून देऊ का? दहा मिनिटांचं काम आहे. अगदी जुळणारं आणते."

तिनं कोट अंगात चढवला, बटणं लावली, खिशात हात घालून तो आतून एकदा चाचपला. टाके बारीक आणि सरळ होते, एकही वाकडा नाही. "अजिबात हात लावायचा नाही," ती म्हणाली, "पांढरा म्हणून लावलाय तो माझ्या आईनं," आणि खुर्चीत बसून तिनं कुंचल्यासाठी हात पुढं केला.